खुर्चीची मुदत

पुण्यात शनिवारवाड्यापासून नवा पूल ओलांडला की नदीच्या पलीकडे महानगरपालिकेची इमारत दिसते. पायी जेमतेम दहा मिनिटांचे अंतर. पण राज्यकारभाराच्या इतिहासात या दोन वास्तू दोन टोकांना उभ्या आहेत. शनिवारवाड्यात एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पद राहिले. महापालिकेत महापौराची खुर्ची कित्येक वर्षे दर वर्षी रिकामी होत असे. एका ठिकाणी खुर्चीला मुदतच नव्हती, दुसऱ्या ठिकाणी ती इतकी तोकडी होती की बसणाऱ्याला खुर्चीची ऊब लागायच्या आत उठावे लागे.

निवडणुका आल्या की आपल्या मोहल्ल्यांत एक प्रश्न हमखास निघतो. किती वर्षे तेच ते चेहरे? कायद्यानेच एखाद्याला दोनदापेक्षा जास्त वेळ पदावर बसू दिले नाही, तर आपल्यासारख्या लहान समाजाला जागा मिळेल का? प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर मात्र घोषणेत मिळणार नाही, इतिहासात शोधावे लागेल. या लेखात आम्ही तोच प्रयत्न करीत आहोत.

बदली आणि वतन

मुदतीचा प्रश्न लोकशाहीबरोबर आला असे नाही. मोगल अमलात मनसबदाराला मिळालेली जहागीर त्याच्या घरची नसे. साधारणपणे तीन-चार वर्षांत ती बदलली जाई. सुभेदारांच्याही बदल्या होत. एकाच मुलखात माणूस फार काळ राहिला की त्याची मुळे रुजतात आणि मग तो बादशहाला जुमानत नाही, हे दिल्लीला पक्के ठाऊक होते. मुदत होती ती रयतेच्या भल्यासाठी नव्हे, तर गादीच्या सुरक्षिततेसाठी.

या पद्धतीचा तोटाही त्या काळीच दिसून आला होता. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच वैद्य बर्नियर याने लिहून ठेवले आहे की, आज आहे उद्या नाही अशा जहागिरीत विहीर कोण खणणार आणि पाट कोण दुरुस्त करणार? हातात आहे तोवर ओरबाडून घ्या, असाच विचार होणार. बर्नियरच्या लिखाणात अतिशयोक्ती आहे, असे इतिहासकार सांगतात. पण त्याने बोट ठेवलेली अडचण खोटी नाही. ज्याला परत यायचे नाही त्याला लोकांच्या नाराजीचे भय उरत नाही.

दिल्ली दुबळी झाली तशा बदल्याही थांबल्या. १७२४ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनचा सुभा कायमचा आपल्या घराण्याकडे घेतला. बंगालमध्ये आणि अवधमध्येही सुभेदारांची घराणी झाली. पुण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. शिवाजी महाराजांचे धोरण पदे वंशपरंपरेने न देण्याचे होते, हे न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात आवर्जून नोंदवले आहे. पण १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले, १७२० साली ते त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे गेले आणि १८१८ पर्यंत त्या घरातच राहिले. बाजीराव कर्तबगार निघाला म्हणून त्या निवडीचे कौतुक होते. परंतु कर्तबगार बापाच्या पोटी दर वेळी कर्तबगार मुलगा जन्मतो असे नाही आणि पुण्याने हे शेवटच्या बाजीरावाच्या काळात पाहिले.

म्हणजे आपल्या इतिहासाने दोन्ही दुखणी अनुभवली आहेत. मुदत नसली की पदाचे वतन होते. वरच्याच्या मर्जीने मुदत ठरली की पदावरच्या माणसाची नजर लोकांकडे राहत नाही, वरच्याकडे लागते. या दोन दुखण्यांवर निवडणुकीच्या राज्यात काय तोड निघाली, हे पाहण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. राज्याच्या प्रमुखाने किती वेळा निवडून यावे हे कायद्यात लिहिण्याचा सर्वांत जुना आणि मोठा अनुभव तिथल्या राज्यांपाशी आहे.

अलाबामाची बाई

अमेरिकेत राज्याचा प्रमुख म्हणजे गव्हर्नर. आपल्या राज्यपालासारखा तो नेमलेला नसतो, लोक त्याला थेट मतदानाने निवडतात आणि कारभाराची सूत्रे त्याच्याच हाती असतात. व्हर्जिनिया राज्याने १७७६ सालीच आपल्या घटनेत लिहिले की गव्हर्नर दर वर्षी निवडावा, ओळीने तीन वर्षांपेक्षा जास्त त्याने राहू नये आणि त्यानंतर चार वर्षे त्याला पुन्हा निवडू नये. इंग्लंडच्या राजाला झुगारून दिलेल्या लोकांना घरचा राजा नको होता. आज तिथल्या बहुसंख्य राज्यांत गव्हर्नरच्या पदाला या ना त्या स्वरूपात मर्यादा आहे. व्हर्जिनियात तर लागोपाठ दुसऱ्यांदा उभेच राहता येत नाही. राष्ट्राध्यक्षपदाची दोन वेळांची मर्यादा मात्र बरीच उशिरा, १९५१ साली घटनेत आली, तीही फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आल्यानंतर.

या मर्यादेमुळे निवडणुकीत काय फरक पडतो? पहिली गोष्ट म्हणजे पदावर असलेल्या माणसाचा फायदा संपतो. त्याचे नाव घराघरांत पोचलेले असते, वर्तमानपत्रे त्याच्यामागे धावतात, देणग्या त्याच्याकडे येतात. तो रिंगणात नसला की सामना बरोबरीचा होतो आणि एरवी घरी बसले असते असे लोक अर्ज भरतात. दुसरी गोष्ट बर्नियरच्या तक्रारीची आठवण करून देणारी आहे. बेस्ली आणि केस या अभ्यासकांनी १९९५ साली अमेरिकन गव्हर्नरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुन्हा उभे राहता येणार नाही अशा शेवटच्या मुदतीत, विशेषतः डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरांच्या काळात, कर आणि खर्च वाढल्याचे त्यांना आढळले. मतदारांपुढे परत जायचे नसेल तर हात सैल सुटतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती समजण्यासाठी अलाबामा राज्याचे उदाहरण पाहू. काळ्या लोकांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवण्याचा कट्टर पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस १९६२ साली तिथे गव्हर्नर म्हणून निवडून आला. घटनेप्रमाणे त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नव्हते. घटना बदलण्याचा त्याचा प्रयत्न १९६५ साली राज्याच्या सिनेटमध्ये फसला. मग १९६६ च्या निवडणुकीत त्याने पत्नी लर्लीन हिला उभे केले. तिच्या नावाने मते मागितली गेली, पण कारभार कोण पाहणार हे कुणापासून लपलेले नव्हते. ती प्रचंड मतांनी निवडून आली. १९६८ च्या मे महिन्यात कर्करोगाने तिचे निधन झाले. त्याच वर्षी राज्यघटना बदलून लागोपाठ दोन मुदतींची मुभा मिळाली आणि १९७० च्या निवडणुकीत वॉलेस स्वतःच परत आला.

ही हकिकत वाचताना आपल्याकडच्या वाचकाला हसू येईल, कारण ती ओळखीची आहे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की फलकावर बाईंचे नाव आणि बाईंच्या डोक्यावर साहेबांचा मोठा फोटो, हे आपण प्रत्येक महापालिका निवडणुकीत पाहतो. कायद्याला माणूस हटवता येतो. त्या माणसाभोवती बांधलेली माणसे, पैसा आणि ओळखी कायद्याला हटवता येत नाहीत.

घटनाकारांनी मर्यादा का घातली नाही

आपल्या घटनेत मुख्यमंत्र्याच्या पदाला किती वेळा अशी मर्यादा नाही. हा विचार घटनाकारांना सुचलाच नव्हता असे मात्र समजू नये. १९४८ च्या घटनेच्या मसुद्यात राष्ट्रपतीने फक्त एकदाच पुन्हा निवडून यावे अशी अट होती. संविधान सभेने ती काढून टाकली. राजेंद्रप्रसाद दोनदा निवडून आले, त्यांच्यानंतर कुणीही दोनदा आलेले नाही. तिथे लिखित कायद्याचे काम संकेताने केले.

मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान यांच्याबाबत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार ४ नोव्हेंबर १९४८ च्या त्यांच्या भाषणात दिसतो. सरकार टिकाऊ असावे आणि जबाबदारही असावे, पण या दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी पद्धत नाही, असे त्यांनी मांडले. अमेरिकन पद्धतीत सरकारचा हिशेब ठरावीक मुदतीने होतो. संसदीय पद्धतीत तो निवडणुकीच्या वेळी मतदार करतातच, शिवाय प्रश्न, ठराव आणि अविश्वासाचा प्रस्ताव यांच्याद्वारे सभागृह रोजच्या रोज करते. ज्याला सभागृह कोणत्याही दिवशी घरी पाठवू शकते, त्याला वेगळी मुदत कशाला?

युक्तिवाद भक्कम आहे. पण तो एका गृहीतावर उभा आहे. रोजचा हिशेब सभागृह मागेल, हे ते गृहीत. महाराष्ट्रात हा हिशेब खरोखर कुणी मागितला?

मुंबईची खुर्ची, दिल्लीची मुदत

वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांहून अधिक. त्यांच्यानंतर पाच वर्षांची सलग मुदत पुरी करणारा मुख्यमंत्री महाराष्ट्राला थेट २०१४ ते २०१९ या काळात, देवेंद्र फडणवीस यांच्या रूपाने मिळाला. मधल्या सुमारे चाळीस वर्षांत १३ वेगवेगळ्या व्यक्ती त्या खुर्चीवर बसल्या. शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार आणि विलासराव देशमुख पुन्हा पुन्हा परत आले.

या १३ जणांपैकी सभागृहात अविश्वासाचा ठराव मंजूर होऊन किती गेले? एकही नाही. कुणी निवडणूक हरले, कुणाचे सरकार बरखास्त झाले. पण बहुतेकांची मुदत पक्षाच्या दिल्लीतील श्रेष्ठींनी ठरवली. म्हणजे कागदावर मुदत नव्हती, व्यवहारात मात्र होती आणि ती केव्हा संपेल हे खुद्द मुख्यमंत्र्यालाही ठाऊक नसे. मोगल सुभेदाराची बदली आणि ही मुदत यांत फार अंतर नाही.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे आहे. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे आजवरचे ते एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या कारकिर्दीत संजय गांधी निराधार योजना सुरू झाली, १९८१ साली सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले, कुलाब्याचे नाव रायगड झाले. सिमेंट प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. प्रकरणाच्या गुणदोषांत आम्ही इथे शिरत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. अंतुले दिल्लीच्या विश्वासाने आले होते. त्यांच्या येण्याला राज्यातल्या मुस्लिम समाजाची संघटित ताकद कारण नव्हती, म्हणून त्यांच्या जाण्यानंतर मागे रांगेत कुणी उभेही नव्हते. खुर्ची दीड वर्षात रिकामी झाली, पण आपल्यासाठी ती रिकामी झाली नाही.

सुशीलकुमार शिंदे यांचेही असेच झाले. जानेवारी २००३ मध्ये ते राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. २००४ ची निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली लढली गेली आणि आघाडीने ती जिंकली. निकालानंतर मुख्यमंत्री झाले विलासराव देशमुख. मतदारांनी ज्याच्याकडे पाहून मत दिले तो आणि ज्याने शपथ घेतली तो, हे वेगळे होते. मुदत दुसऱ्याच्या हातात असली की मतदाराच्या हाती काय उरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

एका वर्षाचे महापौर

आता पुन्हा नदीकाठच्या इमारतीकडे येऊ. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली आणि १९५२ साली बाबूराव सणस पहिले महापौर झाले. मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा १९४९ सालचा. त्या कायद्याने महापौराला एका वर्षाची मुदत दिली. कारभाराची खरी सत्ता मात्र आयुक्ताकडे ठेवली आणि आयुक्ताला सरकार पाठवते व सरकारच बदलते. तिजोरीची चावी असलेल्या स्थायी समितीतही निम्मे सभासद दर वर्षी निवृत्त होतात.

एका वर्षात महापौर करणार तरी काय, अशी टीका नेहमी झाली आणि ती खरी होती. तरीही त्या आखूड मुदतीची एक चांगली बाजू होती. पुण्यात एकट्याच्या बळावर सत्ता न मिळवू शकणाऱ्या गटांनाही ती खुर्ची मिळू शकली. समाजवादी नेते नानासाहेब गोरे १९६७ साली महापौर झाले, भाई वैद्य १९७४ साली. वाटाघाटीत देण्याजोगी जागा दर वर्षी असे, म्हणून लहान गटाला विचारावे लागे.

मुंबईचा अनुभव आणखी बोलका आहे. स्वातंत्र्यापूर्वी मुंबईचे महापौरपदही एका वर्षाचे होते आणि ते वेगवेगळ्या समाजांकडे आळीपाळीने जावे असा संकेत तिथे पाळला जाई. १९३७ पासूनच्या सात वर्षांत त्या खुर्चीवर बसलेल्यांची काही नावे पाहा. एलिजा मोझेस हे बेने इस्रायली, सुलतान चिनॉय मुसलमान, बेहराम करंजिया पारशी, मथुरादास त्रिकमजी हिंदू. त्यानंतर १९४२ साली युसूफ मेहेरअली आणि १९४३ साली मिनू मसानी. हे कायद्यात लिहिलेले नव्हते. पण दोन गोष्टी एकत्र होत्या. खुर्ची केव्हा रिकामी होणार हे सर्वांना आधी ठाऊक होते आणि आळीपाळीचा शब्द पाळण्याची दानत होती. यांपैकी एक जरी नसती तरी मेहेरअलींसारखा समाजवादी तरुण त्या पदापर्यंत सहज पोचला नसता.

सोडत

१९९३ साली चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. स्थानिक संस्थांत महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या, त्या आळीपाळीने फिरवण्याची तरतूद झाली. महाराष्ट्राने इतर मागासवर्गीयांनाही राखीव जागा दिल्या आणि २०११ साली महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. महापौरपदाची मुदत पुढे अडीच वर्षांची झाली आणि ते पदही आरक्षणाने फिरू लागले. कायद्यात मुदतबंदी हा शब्द कुठे नाही. परिणाम मात्र तोच झाला. आज माझा वॉर्ड खुला आहे, पुढच्या वेळी तो राखीव निघेल आणि मला उभे राहता येणार नाही, ही टांगती तलवार प्रत्येक नगरसेवकावर आली.

यातून चांगले घडले ते प्रथम सांगू. कमल व्यवहारे पुण्याच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्यांच्यानंतर वंदना चव्हाण, दीप्ती चौधरी, रजनी त्रिभुवन, राजलक्ष्मी भोसले, वैशाली बनकर, चंचला कोद्रे, मुक्ता टिळक यांची नावे येतात. २००९ साली मोहनसिंग राजपाल यांच्या रूपाने शीख महापौरही मिळाला. बाया नावापुरत्या असतात, नवरेच कारभार करतात, या समजाला मुंबईतल्या एका अभ्यासाने चांगले उत्तर दिले आहे. रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुकांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. ज्या वॉर्डांत आधी महिला राखीव जागा होती, तिथले आरक्षण उठल्यावरही महिला निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाच पट आढळली. म्हणजे साहेबांच्या फोटोखाली उभ्या राहिलेल्या काही बायका पाच वर्षांत स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. लर्लीन वॉलेसला तेवढे आयुष्य मिळाले नाही. आपल्याकडच्या अनेकींना मिळाले.

आता दुसरी बाजू. पुण्यात २०१२ ते २०१७ या पाच वर्षांत चार महापौर झाले. कायद्याने दिलेली अडीच वर्षेही सत्ताधारी पक्षाने आपसांत वाटली. कायद्याच्या मुदतीच्या आत पक्षाची आणखी एक मुदत आली आणि राजीनामा केव्हा द्यायचा हे पक्ष कार्यालयात ठरू लागले. जो पदावरून उठतो तो घरी जातो असेही नाही. मुक्ता टिळक आमदार झाल्या. मुरलीधर मोहोळ २०१९ ते २०२२ महापौर होते, २०२४ साली खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. खालची खुर्ची फिरती झाली की महत्त्वाकांक्षा वर सरकते. अमेरिकन राज्यांतही हेच दिसते. यात गैर काही नाही. मात्र वर सरकायला ज्याच्या पाठीशी पक्ष आहे त्यालाच हे जमते.

सर्वांत मोठा दोष वेळेचा आहे. १५ मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे घटना सांगते. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेतले बदल यांत ती रखडली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मुदतीचा नियम लोकांनी निवडलेल्यांना लागला, त्यांच्या जागी आलेल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला लागला नाही. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी निघाली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. ४१ प्रभाग, १६५ जागा आणि तयारीला दोन महिने. महापौरपदाची सोडत तर मतदान होऊन गेल्यावर, २२ जानेवारीला निघाली. पुण्याचे पद खुल्या प्रवर्गातील महिलेकडे आले. मतदान करताना महापौर कोण होऊ शकते हे पुणेकरांना ठाऊकच नव्हते.

दोन महिन्यांत चार सदस्यांच्या मोठ्या प्रभागात कोण उभे राहू शकते? ज्याच्याकडे कार्यकर्ते आणि पैसा आधीपासून आहे तो. त्याचा स्वतःचा मार्ग बंद झाला तर त्याची पत्नी, सून किंवा भाऊ. मोमिनपुऱ्यातल्या शिकवण्या घेणाऱ्या मुलीला किंवा कोंढव्यातल्या धडपड्या वकिलाला दोन महिन्यांत हे साधत नाही.

मग आपण काय करावे

या सगळ्या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते असे. मुदत आखूड की लांब, हा दुय्यम प्रश्न आहे. खुर्ची केव्हा रिकामी होणार हे सर्वांना आधीपासून ठाऊक आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. मुंबईच्या एकवर्षीय महापौरपदात ते ठाऊक होते, म्हणून लहान समाजांनाही तयारी करता आली. दिल्लीने ठरवलेल्या मुदतीत ते कुणालाच ठाऊक नसते, म्हणून दरवाजाजवळ उभ्या असलेल्यालाच आत शिरता येते. सोडतीने ते अर्धवट ठाऊक होते आणि फायदाही अर्धवटच होतो. मुख्यमंत्र्याने दोनदाच निवडून यावे असा कायदा उद्या झाला, तरी त्याचा वारस कोण हे पक्षाची बंद खोली ठरवणार असेल तर आपल्या वाट्याला फक्त वेगळा चेहरा येईल.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के आहेत. २०२४ साली विधानसभेच्या २८८ जागांत १० मुस्लिम आमदार निवडून आले, म्हणजे साडेतीन टक्के. ही तफावत मुदतबंदीने भरून निघणार नाही. पण आरक्षणाची सोडत मतदानाच्या किमान वर्षभर आधी काढावी, महापौरपदाची सोडत मतदानापूर्वी व्हावी, प्रशासकाच्या कारभारालाही सहा महिन्यांसारखी पक्की मर्यादा असावी, अशा मागण्या आपण करू शकतो. या मागण्या धर्माच्या नावाने नाहीत. पैसा आणि घराणे पाठीशी नसलेल्या प्रत्येक समाजाच्या त्या आहेत आणि म्हणून त्या एकट्याने नव्हे, सर्वांबरोबर करायच्या आहेत.

आपल्या बाजूचे काम यापेक्षा अवघड आहे. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ जालन्याच्या शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या साथीदारांनी चिकाटीने उभी केली, दिलीपकुमारांसारखा नामवंत कलावंत तिच्यासाठी गावोगाव फिरला. त्या चळवळीमुळे कित्येक मुस्लिम जमातींना दाखले मिळाले आणि राखीव जागांवर उभे राहण्याचा हक्क मिळाला. तरीही सोडत निघाल्यावर मोहल्ल्यात दाखल्यांची शोधाशोध सुरू होते. कागद तयार नसतात, उमेदवार तयार नसतो, बाई उभी करायची तर घरात मसलत सुरू होते ती अर्जाची तारीख उलटेपर्यंत चालते. बाकीच्यांच्या बायका पाच वर्षांत शिकून तरबेज झाल्या. आपल्या लेकींना ती पाच वर्षे द्यायची की नाही, हे कोणतेही सरकार ठरवणार नाही.

आणि मुदतीचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो घरापासून विचारावा लागेल. आपल्या मोहल्ल्यातल्या किती ट्रस्टांचे, शाळांचे, जमातींचे अध्यक्ष पंचवीस-तीस वर्षे तेच आहेत? किती ठिकाणी मुतवल्लीपद बापाकडून मुलाकडे जाते आणि हिशेब कुणी मागत नाही? वक्फनाम्यात वारसाची अट असेल तिथे ती पाळावी लागेल, पण बहुसंख्य संस्थांत तशी अट नाही, फक्त सवय आहे. ज्या संस्थांत पुढच्या पिढीने सभा चालवायला, हिशेब लिहायला, विरोधी मत ऐकून घ्यायला शिकायचे, तिथेच तिला बाहेर सतरंजीवर बसवले जाते. मग महापालिकेची खुर्ची रिकामी झाल्यावर बसायला शिकलेला माणूस कुठून आणायचा?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जमातीने आणि ट्रस्टने आपल्या नियमांत लिहून टाकावे की अध्यक्ष आणि चिटणीस लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त राहणार नाहीत, मुदत संपण्याची तारीख नोटीस फलकावर लावली जाईल आणि समितीत निम्म्या नसल्या तरी एक-तृतीयांश स्त्रिया असतील. यासाठी विधानसभेची गरज नाही, दिल्लीची परवानगी नको आणि सोडतही नको. पुढची महापालिका निवडणूक २०३१ च्या आसपास येईल. तोवर पाच वर्षे आहेत आणि या वेळी ती आपल्याला आधीपासून ठाऊक आहेत.